रात्री मेकअप काढताना आधी तेल, मग पाणी: सविस्तर कृती

माझ्या पार्लरमध्ये फेशियलला येणाऱ्या बहुतेक मुली रोज रात्री चेहरा धुतात. तरीही कपाळाच्या कडेला, नाकपुडीच्या खाचेत किंवा जबड्याखाली ओला कापूस फिरवला की तो पिवळसर तपकिरी होतो. "ताई, मी रोज दोनदा फेसवॉश लावते की," असं त्या सांगतात आणि ते खरं असतं. फेसवॉश कमी पडत नाही, तो लावायची वेळ चुकते.

काजळ, लिपस्टिक, फाउंडेशन आणि वॉटरप्रूफ सनस्क्रीन यांत मेण, तेल आणि सिलिकॉन असतं. हे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, म्हणूनच ते घामातही टिकतात. तेलकट कढईवर नुसतं पाणी ओतलं की ते थेंब थेंब होऊन पळतं, चेहऱ्यावरही तसंच होतं. मग आपण जोर लावून घासतो, पुन्हा फेसवॉश घेतो. मेकअप अर्धा राहतो आणि त्वचा मात्र कोरडी पडते. सोलापुरात हा त्रास जास्तच जाणवतो. उन्हाळ्यात हवा कोरडीठाक, पारा 40 च्या वर, आणि बऱ्याच घरांत वापराला बोअरचं जड पाणी.

खालचा क्रम मोडला की पुढच्या पायऱ्यांचा उपयोग निम्म्यावर येतो. वस्तू कमी असल्या तरी चालेल, क्रम मात्र तोच ठेवा.

## आज चेहऱ्यावर काय आहे, ते आधी बघा

रोज सगळ्या पायऱ्या करायच्या नाहीत. दिवसभर घरीच होतात, काही लावलं नव्हतं, तर सौम्य फेसवॉशने एकदा चेहरा धुणं पुरतं. त्या दिवशी तेल लावून वर दोनदा धुतलं तर त्वचा उगाच ओढल्यासारखी होईल.

नुसती पावडर आणि काजळ असेल तर डोळे तेलाने पुसा, बाकी चेहरा फेसवॉशने धुवा. सनस्क्रीन, बीबी क्रीम किंवा फाउंडेशन लावलं असेल तर खालच्या सगळ्या पायऱ्या करा. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत रोज गाडीवर जाणाऱ्या मुलींनीही याच गटात स्वतःला धरावं. मेकअप नसला तरी सनस्क्रीन, घाम, धूळ आणि स्कार्फचं घर्षण यांचा मिळून चिकट थर तयार होतो, आणि तो नुसत्या फेसवॉशने पूर्ण जात नाही. तो स्कार्फही दोन-तीन दिवसांनी धुवायला टाका, नाहीतर स्वच्छ चेहऱ्यावर सकाळी कालचीच धूळ बांधली जाते.

लग्नाचा किंवा रिसेप्शनचा मेकअप असेल तर सगळ्या पायऱ्या, आणि डोळ्यांची पायरी दोनदा.

## तयारी

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. घरी यायचं, जेवायचं, भांडी आवरायची, मोबाईल बघायचा, आणि बारा वाजता पेंगत बेसिनपाशी जायचं. त्या वेळी कुणीच मिनिटभर मसाज करत नाही. मेकअप घरी आल्या आल्या काढा. साडी बदलली की लगेच बसा. झोपायच्या वेळी मग फक्त क्रीम लावायचं राहील.

बसण्याआधी हे सगळं हाताशी ठेवा. डोळ्यांना तेल लागल्यावर कपाटात बाटली शोधत फिरावं लागलं की हमखास घाई होते.

- डोळ्यांचा मेकअप काढायचं दोन थरांचं रिमूव्हर. ते नसेल तर व्हॅसलीन किंवा वास नसलेलं बेबी ऑइल.
- चेहऱ्यासाठी क्लीन्झिंग ऑइल किंवा क्लीन्झिंग बाम.
- सौम्य, फारसा फेस न होणारा फेसवॉश.
- कापसाचे गोल पॅड सहा-सात, कानात घालायच्या कापसाच्या दोन-चार काड्या.
- केस मागे बांधायला पट्टा.
- फक्त चेहऱ्यासाठीचा एक नॅपकिन.
- मॉइश्चरायझर.
- दोन तांबे पाणी, आणि वेगळं एक भांडं फिल्टरचं पाणी.

मेडिकलमध्ये मिळणारा गुंडाळीचा कापूस डोळ्यांना वापरू नका. त्याचे तंतू सुटतात आणि पापणीत अडकतात. पॅड महाग वाटत असतील तर जुन्या सुती धोतराचे किंवा मलमलच्या ओढणीचे तळहाताएवढे चौकोन कापून ठेवा. वापरून झाले की साबणाने धुऊन गरम पाण्यात उकळा आणि उन्हात वाळवा. मला स्वतःला हेच तुकडे जास्त आवडतात. पॅडपेक्षा ते मऊ असतात आणि तेलही कमी पितात.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि टाकीतलं जपून वापरावं लागतं. नीट केलं तर अख्ख्या कृतीला दोन-तीन लिटर पाणी पुष्कळ झालं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्री नऊलाही चटका देतं, ते थेट तोंडावर घेऊ नका. संध्याकाळी बादलीत काढून ठेवलं की रात्रीपर्यंत निवतं. थंडीत याच्या उलट करायचं, गार पाण्यात थोडं गरम पाणी मिसळा, कारण गार पाण्याने मेण घट्ट होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी घालून बघा. गरम किंवा गार असं वेगळं काही जाणवलं नाही तर ते बरोबर आहे.

तपासा: तेल पाण्याने निघणारं आहे की नाही, हे एकदा घरी बघून ठेवा. वाटीभर पाण्यात दोन थेंब टाकून ढवळा. पाणी दुधाळ झालं तर ते क्लीन्झिंग ऑइल आहे आणि धुताना निघून जाईल. थेंब वर तरंगत राहिले तर ते साधं तेल आहे. साधं तेलही चालतं, पण ते आधी ओल्या कापडाने टिपून काढावं लागतं.

## पायरी 1: हात, केस, दागिने, लेन्स

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. भाजीच्या मिरचीचा हात तसाच डोळ्याला लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे वेगळं सांगावं लागतं.

कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या सगळ्यात आधी काढून डबीत ठेवा. मेकअप काढून झाल्यावर नाही. रिमूव्हरचं तेल आणि काजळाचे कण लेन्सवर बसले की सहज निघत नाहीत.

मग गजरा, कानातलं, नथ आणि गळ्यातलं काढा. मंगळसूत्र काढत नसाल तर मागे सरकवा. केस पट्ट्याने असे मागे घ्या की कपाळाची केसांलगतची कड आणि कानांपुढचा भाग पूर्ण उघडा राहील. चेहऱ्याच्या मध्यापेक्षा फाउंडेशन याच कडांना जास्त उरतं.

आता ओठांवर व्हॅसलीनचा जाड थर लावून ठेवा. टिकली असेल तर तिच्या कडेने तेलाचा एक थेंब सोडा. डोळ्यांचं होईपर्यंत या दोन्ही जागा आपोआप सैल होतील.

## पायरी 2: डोळे

इथे घाई करू नका. पापणीची त्वचा चेहऱ्यावर सगळ्यात पातळ असते आणि बहुतेक जणी तिलाच सगळ्यात जास्त घासतात.

दोन थरांचं रिमूव्हर असेल तर बाटली आधी जोरात हलवा. वरचं तेल आणि खालचं पाणी एकत्र झालं तरच ते नीट काम करतं. पॅड चांगला भिजवा, पण टपकेल इतका नको. डोळा मिटा, पॅड पापणीवर ठेवा आणि 30 मोजा. या वेळात हात हलवायचा नाही. मस्कारा आणि आयलायनर या 30 सेकंदांतच सैल होतात. पॅड ठेवल्या ठेवल्या पुसायला लागलात तर काळा रंग गालावर पसरतो आणि मग अख्खा चेहरा घासावा लागतो.

30 झाल्यावर हलका दाब देत वरून खाली, पापणीच्या केसांच्या दिशेने एकदा ओढा. पॅडची घडी बदला, स्वच्छ बाजू घ्या, पुन्हा तसंच करा. मागे-पुढे, गोल-गोल घासू नका. दुसऱ्या डोळ्याला नवा पॅड घ्या. एका डोळ्यात काही संसर्ग असेल तर तो दुसऱ्यात जाऊ नये म्हणून.

खालच्या पापणीच्या काजळासाठी कापसाची काडी रिमूव्हरमध्ये बुडवून जरा पिळा. वर बघा आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून नाकाकडे एकाच दिशेने काडी फिरवा. काडी पापणीच्या केसांच्या मुळाशी, पण बाहेरच्या बाजूने न्यायची. आतल्या ओल्या कडेवर नाही. तिथे काजळ भरलं असेल तर मिटलेल्या डोळ्यावर स्वच्छ पाणी घ्या आणि चार-पाच वेळा पापण्या मिचकावा. उरलेलं सकाळी कोपऱ्यात आपोआप येतं, तेव्हा ओल्या कापसाने टिपा.

या आतल्या कडेवर बारीक तैलग्रंथींची तोंडं असतात. त्यांचं तेल डोळ्यातलं पाणी लवकर सुकू देत नाही. रोज काजळ साचून ही तोंडं बुजली की डोळे चुरचुरतात आणि रांजणवाडी उठू शकते. वारंवार रांजणवाडी होत असेल तर काही महिने काजळ पापणीच्या बाहेरच्या कडेलाच लावून बघा.

खोट्या पापण्या असतील तर काडीने त्यांच्या पट्टीवर तेल लावा, मिनिटभर थांबा आणि बाहेरच्या कोपऱ्याकडून सावकाश सोडवा. ओढ लागली तर थांबा, पुन्हा तेल लावा. एकेक केस चिकटवलेली एक्स्टेन्शन केली असतील तर मात्र तिथे तेल नको, त्याने गोंद सुटतो. त्यासाठी तेल नसलेलं रिमूव्हर घ्या.

सावध: नारळाचं तेल, घाण्याचं तेल किंवा सुवासिक तेल डोळ्यात जाईल असं लावू नका. डोळ्यापुढे धूसर दिसतं आणि जळजळही होते. डोळ्यात काही गेलंच तर चोळू नका, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.

तपासा: तिसरा, कोरा पॅड पापणीवरून फिरवा. फिकट राखाडी छटा दिसली तरी चालेल, पुढच्या पायऱ्यांत ती निघते. काळी रेघ उमटली तर पुन्हा 30 मोजा.

## पायरी 3: ओठ आणि टिकली

एव्हाना व्हॅसलीनने लिपस्टिक सैल केलेली असते. पॅड ओठांवर दाबा, मग ओठाच्या कोपऱ्यापासून मध्याकडे पुसा. मॅट लिक्विड लिपस्टिक असेल तर हे दोनदा करावं लागतं. दात घासायच्या ब्रशने ओठ घासू नका. कोरड्या हवेत आधीच भेगा पडलेल्या ओठांना त्याने जखमा होतात.

टिकली नखाने खरवडू नका. तेलाने कड सुटली की ती बोटाने अलगद निघते. मागे राहिलेला गोंद तेलाच्याच बोटाने गोल फिरवून काढा. तो रोज नीट निघायलाच हवा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनामुळे त्या जागेचा रंग उडून पांढरा डाग पडतो. कपाळाच्या मधोमध खाज, लाली किंवा फिकट डाग दिसू लागला तर चिकटवायची टिकली त्याच दिवशी बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. डाग झाकायला मोठी टिकली लावणाऱ्या काकू मला भेटतात. झाकण्याने डाग वाढत जातो, म्हणून मी त्यांना हात जोडून सांगते.

मेण लावून घातलेलं कुंकू तेलानेच निघतं. हळदीचा पिवळेपणाही पाण्यात नाही, तेलात विरघळतो. हळदीच्या कार्यक्रमानंतर तेल लावून टिपा, उरलेली छटा एक-दोन दिवसांत आपोआप जाते. ती लिंबाने काढायला जाऊ नका.

## पायरी 4: कोरड्या चेहऱ्यावर तेल

चेहरा कोरडा, हातही कोरडे. पाण्याचा एक थेंब नको. क्लीन्झिंग ऑइल ओल्या हातावर घेतलं की ते तळहातावरच दुधाळ होतं आणि मेकअपपर्यंत पोचत नाही.

तेल छोटा चमचाभर घ्या. बाम असेल तर दोन शेंगदाण्यांएवढा, आणि तळहातात चोळून पातळ करा. आधी दोन्ही गाल, मग कपाळ, हनुवटी, सगळ्यात शेवटी नाक. बोटांच्या पेरांनी हलके गोल फिरवत एक मिनिट मोजून मसाज करा. एक मिनिट वाटतं त्यापेक्षा मोठं असतं. सुरुवातीचे काही दिवस समोर घड्याळ ठेवा.

चुकणाऱ्या जागा नेहमी त्याच असतात: नाकपुडीची खाच, नाकातल्या चमकीच्या भोवतीचा भाग, भुवयांचे केस, कपाळाची कड, कानापुढचा पट्टा, जबड्याखालचा भाग आणि मान. साडीबरोबर गळ्यापर्यंत फाउंडेशन लावतो, पण काढताना हनुवटीपाशी थांबतो. चमकीभोवती काडीने तेल फिरवा.

आता कुठलं तेल, हा प्रश्न मला रोज येतो. पाण्याने निघणारं क्लीन्झिंग ऑइल किंवा बाम सगळ्यात सोपं. ते नसेल तर बेबी ऑइल. आपल्या भागात घरोघरी असणारं करडईचं तेल रिफाइंड असेल तर तेही चालतं, ते हलकं असतं. नारळाचं तेल मी चेहऱ्याला सुचवत नाही, कारण ते अनेकींची रोमछिद्रं बुजवतं आणि पुळ्या येतात. मोहरीचं तेल नकोच, ते झोंबतं. कुठलंही नवं तेल आधी जबड्याच्या कडेला दोन-तीन रात्री लावून बघा.

तेलाची कल्पनाच नको वाटत असेल, किंवा पुळ्यांवर डॉक्टरांचं औषध चालू असेल, तर या पायरीऐवजी मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप पुसायचं पाण्यासारखं द्रावण, घ्या. पॅड भिजवून गालावर 10 सेकंद दाबा, मग पुसा. पॅड बदलत राहा. त्यानंतर फेसवॉश मात्र चुकवू नका. बाटलीवर काहीही लिहिलेलं असलं तरी ते चेहऱ्यावर सुकू द्यायचं नाही. त्यातही मळ धरून ठेवणारे साबणासारखे घटक असतात.

## पायरी 5: पाणी घालून दुधाळ करणं

ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. तेलाचा मसाज झाला की बहुतेक जणी भस्सकन तांब्याभर पाणी ओततात. मग तेल तसंच चिकटून राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुळ्या आल्या की दोष तेलाला जातो.

बोटं पाण्यात बुडवून फक्त ओली करा आणि तेलकट चेहऱ्यावर पुन्हा गोल फिरवा. दोन-तीनदा असं करा. तेल पांढरट, दुधासारखं पातळ होईल. अर्धा मिनिट तसंच फिरवून मग धुवा. एक तांब्या पुरतो.

साधं तेल असेल तर ते दुधाळ होणार नाही. कोमट पाण्यात मऊ कापड बुडवून घट्ट पिळा, चेहऱ्यावर ठेवून दाबा आणि टिपून घ्या. कापड धुऊन पुन्हा एकदा करा. घासायचं नाही.

तपासा: हात फिरवल्यावर चेहरा हलका मऊ लागला तर ठीक. चिकट, जाडसर लागला तर तेल शिल्लक आहे, पुन्हा ओली बोटं फिरवा.

## पायरी 6: फेसवॉश

आता फेसवॉशची वेळ. चेहरा ओला असू दे. वाटाण्याएवढा फेसवॉश तळहातावर पाण्याने पातळ करा आणि मग चेहऱ्याला लावा. थेट गालावर दाबू नका. अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवा, कपाळाच्या कडेला आणि जबड्याखाली पुन्हा जा.

अंगाचा साबण इथे नको. साबणाचा सामू (पीएच) साधारण 9 ते 10 असतो आणि त्वचेचा 5 च्या आसपास, म्हणून साबणाने चेहरा ताणल्यासारखा होतो. शिवाय बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन साका तयार होतो, तोच जो बादलीच्या कडेला पांढरा जमतो. तो चेहऱ्यावरही बसतो आणि खाज येते. जड पाण्यात फेसही होत नाही, म्हणून आपण आणखी साबण घेतो, तेव्हा साका वाढतच जातो. धुतल्यावर बोटाखाली कुरकुर वाजली म्हणजे चेहरा स्वच्छ झाला, असं अनेकींना वाटतं. ती कुरकुर म्हणजे त्वचेचं स्वतःचं तेलही गेल्याची खूण आहे.

## पायरी 7: धुणं आणि टिपणं

हाताच्या ओंजळीने पाणी घेत धुवा. फेस कपाळाच्या कडेला आणि कानांपुढे राहतो, तिथे ओला हात दोनदा जास्त फिरवा. घरात बोअरचं पाणी असेल तर शेवटी फिल्टरच्या पाण्याचं ते वेगळं भांडं वापरा. पेलाभरही पुरतं. ज्यांचा चेहरा धुतल्यावर नेहमी पांढुरका, खरखरीत होतो त्यांनी हा बदल पंधरा दिवस करून बघावा.

नॅपकिनने दाबून टिपा, पुसू नका. चेहरा जरासा ओलसरच राहू दे. आपल्याच गावचे नॅपकिन चांगले आहेत, पण चाटी गल्लीतून आणलेला नवा नॅपकिन तसाच चेहऱ्याला लावू नका. दोन-तीन वेळा धुतल्याशिवाय तो पाणी नीट शोषत नाही आणि त्याचे तंतू चेहऱ्याला चिकटतात. धुताना फॅब्रिक कंडिशनर टाळा, त्याचा थर बसून शोषण कमी होतं. उन्हात वाळून कडक झाला असेल तर झटकून, चोळून मऊ करा. दोन दिवसांनी बदला. घरातल्या सगळ्यांचा मिळून एकच टॉवेल चेहऱ्याला लावायचा नाही.

शेवटची तपासणी: पांढरा पॅड पाण्याने ओला करा आणि कपाळाची कड, नाकाची बाजू, जबड्याखालचा भाग, मान असा क्रमाने फिरवा. पॅड पांढरा राहिला तर काम झालं. डाग आला तर फक्त त्या जागी थोडं तेल लावून पायरी 5 आणि 6 करा. अख्खा चेहरा पुन्हा धुऊ नका. आठवड्यात एकदा जरी ही तपासणी केली तरी तुमची नेहमीची चुकणारी जागा कळते.

## पायरी 8: लगेच मॉइश्चरायझर

ओलसर चेहऱ्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत लावा. कोरड्या हवेत चेहरा पटकन सुकतो आणि सुकताना आणखी कोरडा होतो. तेलकट त्वचेलाही हलकं जेल लागतंच. रेटिनॉल किंवा डॉक्टरांनी दिलेलं पुळ्यांचं क्रीम असेल तर आधी चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या, कारण ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं. ज्या रात्री जड मेकअप काढताना चेहरा लाल झाला असेल त्या रात्री असली क्रीम वगळा, नुसतं मॉइश्चरायझर लावा.

## हमखास होणाऱ्या आणखी काही चुका

लिंबू, बेसन, स्क्रब. मेकअप निघत नाही म्हणून बेसनाने घासणं किंवा लिंबू चोळणं अजून चालू आहे. लिंबाचा रस चेहऱ्यासाठी फारच आम्लधर्मी असतो, त्याने जळजळ होते आणि नंतर उन्हात डागही पडू शकतात. स्क्रब आणि मेकअप काढणं एकाच रात्री करू नका.

कच्चं दूध, गुलाबपाणी. दुधाने साधी धूळ पुसली जाते, वॉटरप्रूफ काजळ नाही. गुलाबपाणी चेहऱ्याला बरं वाटतं, पण त्याने मेकअप निघत नाही.

ओले वाइप. पंढरपूर किंवा तुळजापूरला जाताना गाडीत ठीक आहेत. रोज नकोत. ते मेकअप उचलण्यापेक्षा पसरवतात, घासावे लागतात आणि त्यातलं द्रावण चेहऱ्यावर राहतं.

नंतर केसांना तेल. चेहरा धुऊन झाल्यावर डोक्याला तेल लावलं की ते रात्रभर कपाळावर उतरतं, आणि केसांलगत बारीक पुळ्या येतात. तेल आधी लावा, चेहरा नंतर धुवा, केस वर बांधून झोपा. उशीचा अभ्राही आठवड्याला बदला.

लग्नाहून रात्री एकला परतलात आणि उभं राहायचंही त्राण नाही, अशा वेळी निदान डोळे 30 मोजून पुसा, मायसेलर वॉटरने चेहरा पुसा आणि साध्या पाण्याने धुवा. एवढं बसल्या जागी होतं. डोळ्यांची पायरी मात्र कुठल्याही रात्री सोडायची नाही.

## नवरीचा मेकअप, गॅदरिंग आणि गुलाल

नवरीच्या चेहऱ्यावर प्रायमर, फाउंडेशन, पावडर आणि वरून फिक्सिंग स्प्रे असे थर असतात. एका मसाजात ते निघत नाहीत. पायरी 4 आणि 5 दोनदा करा, पण फेसवॉश एकदाच. चकाकी गालावर असेल तर तेलाचा पॅड दाबून उचला. ती चोळली तर त्वचेला बारीक ओरखडे पडतात, आणि डोळ्यात गेली तर फारच वाईट. आधी केसांच्या पिना काढा, पण स्प्रेने कडक झालेले केस रात्री विंचरत बसू नका, ते दुसऱ्या दिवशी धुवा.

शाळेच्या गॅदरिंगला मुलांना लावलेला रंग बेबी ऑइलने काढा आणि मूल झोपायच्या आत काढा. मुलाला डोळे मिटायला सांगून आधी कपाळ आणि गाल, मग पापणी.

विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल आणि रंगपंचमीचा कोरडा रंग यांना मात्र सुरुवात वेगळी. आधी पाणी नाही आणि तेलही नाही. डोळे मिटून कोरड्या मऊ कापडाने चेहरा झटका, नाक आणि कान पुसा. सुटा रंग गेल्यावरच तेल लावा. कोरडा गुलाल ओला झाला की त्याचा चिखल होऊन डोळ्यात उतरतो. मिरवणुकीला जायच्या आधी मॉइश्चरायझर किंवा पातळ तेलाचा हात फिरवला असेल तर रात्रीचं काम निम्मं होतं.

## घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे केव्हा जायचं

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि लेन्स घालू नका. त्या वेळी वापरलेला मस्कारा आणि काजळ फेकून द्या. एरवीही मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी बदलावा.

रिमूव्हर लावल्यावर पापणी सुजली किंवा चेहऱ्यावर खाजरे चट्टे उठले तर ती वस्तू बंद करा, पाण्याने धुवा आणि साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावा. दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना बाटली बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना त्यातले घटक बघता येतील.

सकाळी उठल्यावर कोरड्या त्वचेला नुसतं पाणी पुरतं, तेलकट त्वचेला थोडा फेसवॉश. रात्रीचं तेल सकाळी पुन्हा लावायची गरज नसते.